लाडू तोंडात, सून दारात

माझ्या छातीवर एकदा शेजारचे निवृत्त सुभेदार चढून बसले होते.

दुपारची वेळ होती. बायको बँकेत गेलेली, आई आतल्या खोलीत आडवी झालेली आणि मी हॉलमध्ये मरत होतो. म्हणजे मरायचं होतं एका राक्षसाला. तो कसा मरेल हे मी आधी स्वतः मरून बघत होतो. समोर स्टँडला मोबाईल लावला होता. पहिल्यांदा सोफ्यावर आपटून मेलो, ते फार पांचट झालं. मग छाती धरून, गुडघ्यांवर येऊन, एक हात पुढे पसरून सावकाश मरायला लागलो. ते जरा रंगात येत होतं, तेवढ्यात सुभेदारांनी खिडकीतून पाहिलं. आमच्या भिंगारला लष्करातून निवृत्त झालेल्या माणसांची वानवा नाही, आणि त्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी जीव वाचवायची संधी शोधत असतो. दार उघडंच होतं.

"हलू नका सायेब! बोलू नका!" म्हणत ते आत घुसले आणि दोन्ही तळहातांनी माझ्या छातीचा भुगा करायला लागले.

"अहो, मला काही झालेलं नाही..."

"समदे असंच म्हनत्यात! आई, ओ आई! सूनबाईंना फोन लावा!"

आई उठून दारात आली. जमिनीवर पडलेला मुलगा आणि त्याच्यावर बसलेले सुभेदार हे दृश्य तिने एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "उठा सुभेदार. तो कामावर आहे."

या माझ्या कामाबद्दल लिहायचं आहे. एका वाक्यात सांगायचं तर मी पडद्यावरची चित्रातली माणसं उभी करतो. चालवत नाही, बोलवत नाही, रंगवत नाही. फक्त उभी करतो. पंचवीसेक वर्षं हेच करतोय आणि आमच्या आळीत अजून निम्म्या लोकांचा समज आहे की मला नोकरी नाही. दूध घालायला येणारे काका परवा सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, हळूच म्हणाले, "मॅडम, सायेबांचं काही बघा की कुठं. मानूस घरी बसून खराब होतो."

लहानपणी आपण 'स्टॅच्यू' खेळायचो, आठवतंय? समोरचा पळता पळता 'स्टॅच्यू!' म्हटल्यावर जिथल्या तिथे गोठायचा. हा माझा धंदा. समजा पडद्यावरच्या एका आजोबांना खुर्चीतून उठून दार उघडायचं आहे. त्यात शेकडो बारीक हालचाली असतात. पण आधी चार-पाच मोक्याच्या जागा पक्क्या कराव्या लागतात: आजोबा बसलेले; खुर्चीच्या हातांवर भार टाकून पुढे झुकलेले; अर्धवट उठून कमरेला हात लावलेले; दाराशी. प्रत्येक जागी त्यांचं अंग कसं असेल, भार कुठल्या पायावर, मान कुठे, ते मी ठरवतो. याला आम्ही पोज म्हणतो आणि या पोज मांडण्याला ब्लॉकिंग. मधलं वाहतं हलणं नंतर दुसरी तरुण मंडळी भरतात. त्यांचे डोळे चांगले आहेत आणि त्यांच्या चष्म्यात एकच नंबर आहे.

पुण्याला मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सर एक गंमत करायचे. आमच्या पोजमधलं पात्र संगणकावर पूर्ण काळं करून टाकायचे. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती सावली. "आता सांग, हा माणूस घाबरलाय की चिडलाय?" सावलीवरून कळलं तर पोज पास. माझी सावली बघून पहिलं वर्षभर ते एकच विचारत, "हा बसस्टॉपवर उभा आहे का रे?"

हे कच्चं ब्लॉकिंग बघायला फार विचित्र दिसतं. पात्र एका पोजमध्ये गोठलेलं राहतं, मग खटकन दुसऱ्या पोजमध्ये, मधे काहीच नाही. ते धंद्याबाहेरच्या माणसाला कधी दाखवू नये, हा धडा मला शेवगावला मिळाला.

तिथल्या एका सरकी-पेंडवाल्या भाऊसाहेबांना जाहिरात करायची होती. पेंड खाऊन बैल ताडकन उठतो आणि नाचतो. मी ब्लॉकिंग केलं आणि उत्साहाच्या भरात लॅपटॉप घेऊन थेट त्यांच्या दुकानात गेलो. दुकानात भाऊसाहेब, त्यांचे वडील, दोन गिऱ्हाइकं आणि पोत्यांवर बसलेलं एक मांजर असे प्रेक्षक जमले. मी बटण दाबलं. बैल बसलेला. खट. बैल उभा. खट. बैलाचा एक पाय वर. तो वरच.

"नेट गेलं तुमचं," भाऊसाहेब म्हणाले.

"नेटचा संबंध नाही. हे असंच..."

"आवो गेलं म्हंजे गेलं. हितं रेंजच न्हाई. वर चला."

वर म्हणजे गच्चीवर. आम्ही सगळे गच्चीवर गेलो, मांजर सोडून. तिथेही बैलाचा पाय वरच होता. मग भाऊसाहेबांनी मला स्वतःच्या मोबाईलचं वायफाय दिलं, पासवर्ड सांगितला, पाण्याच्या टाकीच्या त्या बाजूला उभं राहायला लावलं. शेवटी त्यांचे वडील गुडघे धरत जिना चढून आले, त्यांनी डोळ्यांवर हाताची सावली करून बैल बघितला आणि मुलाला म्हणाले, "आरं, इचार करून चालतोय त्यो. तुज्यापेक्षा बरा हाय."

जाहिरात पुढे झाली, बैल सुरळीत नाचला. पण भाऊसाहेब अजून फोन केला की आधी विचारतात, "नेट हाय ना?"

असं माझं बरं चाललं होतं. पुण्याच्या स्टुडिओचं काम मी गेली काही वर्षं घरूनच करतो, आईचं वय झाल्यापासून. दिग्दर्शिका अनघा नावाची मुलगी आहे. मुलगी म्हणायचं नाही खरं तर, ती माझी साहेब आहे, पण ती मला 'काका' म्हणते, त्यामुळे फिट्टंफाट. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमची मोबाईलवर साप्ताहिक बैठक चालू होती. काम संपल्यावर ती म्हणाली, "काका, तुम्हाला एक गंमत दाखवायची आहे. रागवायचं नाही."

असं म्हटलं की माणूस आधीच रागावतो. तिने एक छोटी चित्रफीत लावली. स्टुडिओतल्या पोरांनी माझ्या आजवरच्या कामातले तुकडे एकापुढे एक जोडले होते. राजा युद्धाचा निर्णय घेतो: उजवा हात मानेमागे, कोपर आभाळात, भार डाव्या पायावर. उंदीर पिंजऱ्यात शिरावं की नाही असा विचार करतो: हात मानेमागे, कोपर आभाळात. पोस्टमन, जादूगार, एक शहामृग (त्याचा पंख मानेमागे), एक कासव. कासवाची मान मागून खाजवायची तर त्याला कवचाबाहेर किती यावं लागेल याचा मी त्या वेळी विचारही केला नव्हता. शेवटी तो राक्षस. सुभेदार छातीवर चढण्याआधीच्या पोजमध्ये मरता मरता त्याने छातीवरचा हात मानेमागे नेला होता.

सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता माझा हात कुठे गेला ते मला माझ्याच छोट्या चौकटीत दिसलं, तेव्हा ते आणखी हसले.

संध्याकाळी सुनीताला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, काहीतरीच त्या पोरांचं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम करता. सही केल्यासारखं."

"तुला माहीत होतं?"

"अहो, तुम्ही मला बघायला आलात तेव्हाही तसेच उभे होतात. माझे बाबा म्हणाले, मुलगा बरा आहे, पण मानेचं काही दुखणं नाही ना, विचारून घ्या."

ही झाली हसण्यावारी न्यायची गोष्ट. पण त्या बैठकीनंतर अनघाने मला वेगळा फोन केला आणि तेव्हा ती हसत नव्हती. स्टुडिओ एका आजीवर छोटा चित्रपट करणार होता. सगळा भार आजीच्या वागण्यावर, संवाद जवळजवळ नाहीत. असं काम आमच्या धंद्यात क्वचित येतं. मला ते हवं होतं आणि तिला मला द्यायचं होतं. पण वरची मंडळी म्हणत होती की काकांची सगळी पात्रं म्हणजे काकाच असतात. आजी दुसऱ्या कुणाला द्या, काकांना गर्दीचं काम द्या. गर्दी म्हणजे मागे उभी राहणारी माणसं. तिथे हात मानेमागे असला काय, खिशात असला काय, कोण बघतं? पन्नाशी उलटलेल्या माणसाला गर्दीत ढकललं की तो पुन्हा पुढे येत नाही, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

"एक चाचणी शॉट करा काका," ती म्हणाली. "आजी चोरून लाडू खाते आहे. सून आत येते. बस एवढंच. पण आजी आजी दिसली पाहिजे. तुम्ही नाही. सोमवारी सकाळी द्या."

पहिला प्रयत्न मी एकट्याने केला. लुगडं नको म्हणून आईची शाल गुंडाळली आणि मोबाईलसमोर बेसनाचा लाडू तोंडात कोंबला. त्यावरून पोज मांडल्या आणि अनघाला नुसत्या बघायला पाठवल्या. तिने विचारलं, "काका, आजींची दाढ दुखतेय का?" सरांची युक्ती आठवून मी आजी काळी करून बघितली. गालाशी हात, वाकलेली मान: दातांच्या दवाखान्याची पाटी शोभली असती. आणि सून दारात आल्यावर आजी काय करते? तिचा उजवा हात सावकाश मानेमागे चाललेला.

तेव्हा म्हटलं, घरात खरीखुरी सासू आहे, खरीखुरी सून आहे आणि दिवाळीचे लाडूही आहेत. मग मी कशाला शाल गुंडाळतोय?

इथे आमच्या घरातली परिस्थिती सांगायला हवी. आईला साखर आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, भातही बेतानेच सांगितलाय आणि त्या हुकमाची अंमलबजावणी सुनीताकडे आहे. ती लाडवांच्या डब्याची जागा बदलत असते. आज फडताळात, उद्या पोह्यांच्या डब्यामागे. आई दिवसभर कुरकुरते, "या घरात मला बिनसाखरेचं मरण येणार." सुनीता म्हणते, "आई, येऊ दे, पण उशिरा येऊ दे." दोघी बोलायला तिखट आहेत आणि मी दोघींच्या मधल्या दारात उभा राहणारा माणूस आहे.

त्यामुळे रविवारी सकाळी आईला विचारलं, तेव्हा ती भडकली.

"मी चोरून खाते असं तुला दाखवायचंय?"

"तू नाही गं. ती चित्रातली आजी."

"मग तिला सांग की."

"ती ऐकत नाही. तू एकदा करून दाखव, म्हणजे मला कळेल अंग कसं वळतं."

आईने विचार केला. "लाडू खरा असेल?"

सुनीता ओट्यापाशी होती. ती म्हणाली, "एक. एकच."

ती आईची अट होती आणि ही सुनीताची. स्वयंपाकघरातच शूटिंग सुरू झालं. आई जुन्या काळी गणपतीच्या मेळ्यात काम करायची, हे मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. तिने लाडू उचलला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, डोळे वटारले, छातीला हात लावला आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल अशा बेताने घास घेतला. सुनीता दारात आल्यावर तर आईने "अगं बाई!" म्हणून उडीच मारली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

"जमलं?" तिने विचारलं.

"जरा कमी कर, आई. अगदी साधं."

"मग पुन्हा घेऊ," ती लगेच म्हणाली. "आण दुसरा."

दुसऱ्या वेळी तिला स्वतःलाच नीट वाटलं नाही. "मघाशी मी डावीकडे जास्त बघितलं का रे? पुन्हा घेऊया." तिसऱ्या वेळी सुनीताने लाडवाच्या जागी लिंबू ठेवलं. आईने लिंबू हातात धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "याच्यावर मला भूमिका होत नाही."

दुपार झाली. मिळालेलं सगळं मेळ्यातलं होतं, त्याचा उपयोग शून्य. मी कंटाळून बाहेर पडलो, सुभेदारांकडे जाऊन बसलो. त्यांनी माझी नाडी बघितली, चहा दिला.

परत आल्यावर बघतो तर स्टँडवरचा मोबाईल चालूच राहिला होता. बॅटरी संपत आलेली. ते लांबलचक रेकॉर्डिंग पुसून टाकायच्या आधी मी ते भराभर पुढे सरकवत गेलो. रिकामं स्वयंपाकघर. मांडणी, ओटा, दाराजवळच्या भिंतीवरचं कॅलेंडर. मग आई आली.

ती नेहमीच्या चालीने आली, भिंतीला हात लावत. तिने कुठेही बघितलं नाही. सरळ रव्याचा डबा बाजूला केला, मागचा लाडवांचा डबा काढला. म्हणजे जागा तिला पाठ होती. डब्याचं झाकण स्टीलचं आहे, ते काढताना वाजतं. ते तिने पदराखाली धरून काढलं. लाडू तोडला नाही, फोडला नाही, अख्खा तोंडात ठेवला आणि ओट्याकडे तोंड करून अगदी शांत उभी राहिली. चावतसुद्धा नव्हती. तोंडात विरघळू देत होती. माझ्या शालीतल्या आजीचा या बाईशी काही संबंध नव्हता.

आणि दारात सुनीता आली.

मला वाटलं, आता बाँब पडणार. सुनीताने पाहिलं; पाहिलं यात शंका नाही, तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला होता तो तिथेच थांबला. मग ती वळली. कॅलेंडरकडे. कॅलेंडर सरळच होतं. तिने ते थोडं वाकडं केलं आणि पुन्हा सरळ करू लागली. पाठ आईकडे, मान खाली, डावा खांदा किंचित वर, हात त्या कॅलेंडरच्या कोपऱ्याशी चाळा करणारा. ती तशी उभी राहिली. आईने आवंढा गिळला, डबा मागे सारला, रव्याचा डबा जागेवर आणला. मग सुनीता मुद्दाम खाकरत वळली आणि म्हणाली, "आई, रात्री भात नको. धिरडी करते मुगाची."

"कर," आई म्हणाली.

मी मोबाईल हातात घेऊन तसाच बसलो. मधूनच एखाद्या रात्री आईच्या ताटात भाताऐवजी धिरडी का असतात, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला वाटायचं, सुनीताला धिरडी आवडतात.

पंचवीस वर्षं मी लोकांच्या अंगावरून त्यांचं मन दाखवायचा पगार घेतोय. आणि ही पोज माझ्या घरात, माझ्या चहाच्या कपापासून आठ हातांवर चालू होती.

पण आता पंचाईत झाली. शॉट मला सापडला होता. तो आजीचा नव्हताच. तो वळलेल्या सुनेचा होता. तो मांडला तर आजीचं काम माझं, हे मला दिसत होतं. पण आईला ते बघायचं होतंच. सकाळपासून ती विचारत होती की मी पडद्यावर कशी दिसते. तिने ते बघितलं तर तिला कळणार की सुनीता बघते. सुनीताला कळणार की मी बघितलं. दिवसभरात आईचा एवढा एकच उद्योग असा होता की ज्यात तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. तो उघडा पडला की सुनीताला खरंच रागवावं लागणार आणि आईला खरंच ऐकावं लागणार. दोघींनी न बोलता बांधलेली भिंत मी माझ्या पोटासाठी पाडणार होतो.

म्हणून आधी मी लबाडी करून बघितली. सून दारात येते आणि मोबाईलमध्ये डोकं घालते, म्हणून तिला दिसत नाही, असं मांडलं. मेलेला शॉट. सून शिंकते, असं मांडलं. सून आजीला धमकावते, असं मांडलं. ते पाहून मलाच सुनेचा राग आला. शेवटी खरं होतं ते मांडलं आणि पुरावा नष्ट करायच्या मागे लागलो. सुनेला पंजाबी ड्रेस घातला. तिचे केस कापले. कॅलेंडर काढून भिंतीवर घड्याळ लावलं. आजीला चष्मा दिला, आमच्या आईला चष्मा नाही. एवढं वेषांतर दरोडेखोरही करत नाहीत.

सोमवारी सकाळी पाठवलं. तासाभराने अनघाचा फोन आला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मी विचारलं, "नेट गेलं का?"

"काका," ती म्हणाली, "सून काही बोलतच नाही हो. आजी तुमची. मी वर सांगते."

मला आनंद झाला आणि लगोलग आई आठवली. ठरवलं होतं की आईला दाखवायचं ते पूर्ण झालेलं, महिन्या-दोन महिन्यांनी, जेव्हा मधलं हलणं भरलेलं असेल आणि सुनेचं वळणं डोळ्याचं पातं लवावं तसं निघून जाईल. पण आईला मी फोनवर "आजी माझी" म्हणालेलं ऐकू गेलं होतं. तिला एरवी दोनदा हाक मारावी लागते.

"दाखव," ती म्हणाली.

"अजून कच्चं आहे, आई."

"कच्चं असू दे. मी काय खायला मागतेय?"

सुनीताच्या बँकेला त्या दिवशी सुट्टी होती. तीही चहाचा ट्रे घेऊन आली. "लावा की. मलाही बघू दे माझ्या जागी कोण घेतलीय."

लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. मी बटण दाबलं आणि मागे सरकून दारात जाऊन उभा राहिलो.

आजी ओट्याशी. खट. आजीच्या तोंडात लाडू, अंग शांत. खट. सून दारात, एक पाय आत. खट. सून वळलेली. पाठ आजीकडे, मान खाली, डावा खांदा वर.

आणि ती पोज पडद्यावर तशीच राहिली. कच्च्या कामात पोज सुटका देत नाही. मी कापलेल्या तिच्या केसांचा आणि पंजाबी ड्रेसचा काडीचाही उपयोग नव्हता. ती सुनीता होती, आणि ते खोलीत सगळ्यांना दिसत होतं. शेवगावचे भाऊसाहेब असते तर बरं झालं असतं असं मला पहिल्यांदा वाटलं.

"ही अशी का उभी राहिलीय?" आईने विचारलं.

"घड्याळ बघतेय."

"घड्याळ बघणारा वर बघतो. ही खाली बघतेय."

सुनीता ट्रे धरून उभी, चहा ठेवायचं विसरलेली.

"किती वेळ अशी उभी राहणार आहे?" आई म्हणाली.

"आजीचं खाऊन होईपर्यंत," मी बोलून गेलो.

पडद्यावरची आजी लाडू तोंडात ठेवून थांबली होती, सून थांबली होती, आम्ही तिघं थांबलो होतो. कुणीतरी 'स्टॅच्यू' म्हटल्यासारखे. मला वाटलं, संपलं. आता आई रडेल किंवा सुनीता रडेल आणि दोघी मिळून मला घराबाहेर काढतील.

सुनीताने ट्रे ठेवला. माझ्याकडे एकदा असं पाहिलं की त्याचा हिशेब अजून पूर्ण फिटलेला नाही. मग ती कॅलेंडरकडे गेली आणि ते सरळ करू लागली.

आईने तिच्या पाठीकडे पाहिलं. पडद्यावरच्या पाठीकडे पाहिलं. पुन्हा तिच्या पाठीकडे पाहिलं.

"सुनीता," ती म्हणाली, "आज रात्री मला धिरडीच कर गं. भात नको."

"बरं," सुनीता म्हणाली. वळली नाही.

आई उठली. भिंतीला हात लावत मांडणीपाशी गेली, रव्याचा डबा बाजूला केला. या वेळी तिने झाकण पदराखाली धरलं नाही. ते खणखणीत वाजलं.

मी दोघींच्या मधल्या दारात उभा होतो. भार डाव्या पायावर. उजव्या हाताचं विचारू नका.